गरोदरपणात डोळ्यांचा रक्तप्रवाह बदलतो का? धूसर दिसणं, अंधारी, काजवे – मदत हवी आहे

पाऊलवाट:
नमस्कार. मला सातवा महिना चालू आहे, पहिलंच बाळंतपण. दोन्ही डोळ्यांना मोठा मायनस नंबर आहे, पण बाकी काही त्रास कधी नव्हता. हल्ली संध्याकाळ झाली की चष्मा लावूनही अक्षरं पुसट होतात आणि लेन्स घातल्या की टोचायला लागतात. पटकन उठलं की क्षणभर अंधारी येते. हे सगळं अंगवळणी पडलंय. पण काल दुपारी डोकं ठणकत होतं, आणि त्याच वेळी डोळ्यांच्या कडेला काजवे चमकावेत तसे ठिपके दिसले. थोड्या वेळाने गेले. मागच्या तपासणीत बीपी नॉर्मल होतं, पुढची तारीख अजून लांब आहे.

या दिवसांत शरीरातलं रक्त वाढतं म्हणतात. मग डोळ्यांना ते कमी पडतं की जास्त होतं? चष्म्याचा नंबर आत्ता बदलून घ्यावा का? आणि घरचे म्हणतात की एवढा नंबर असेल तर कळा देताना डोळ्याचा पडदा (रेटिना) सुटू शकतो, म्हणून सिझरच करा. हे खरं आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं, फार काळजी वाटतेय.

निरभ्र:
ताई, बाकीचं सगळं नंतर वाचा. डोकेदुखी आणि काजवे एकत्र आलेत ना, मग आजच्या आज बीपी मोजून घ्या आणि तुमच्या डॉक्टरांना फोन करा. पुढच्या तारखेची वाट बघू नका. माझं प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढून सगळ्या शरीराला धोका होणारा आजार) असंच लक्षात आलं होतं. आधीच्या तपासणीत माझंही बीपी छान होतं. बोटातली अंगठी निघेना आणि टीव्हीवरची अक्षरं मधूनच गायब व्हायला लागली, तेव्हा मोजलं तर बरंच वाढलेलं निघालं. वेळेवर गेले म्हणून मी आणि लेक दोघी सुखरूप आहोत.

दृष्टिपथ:
निरभ्र यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी डोळ्यांची डॉक्टर आहे. इथून निदान करता येत नाही, पण प्रश्नांची उत्तरं देते.

गरोदरपणात रक्ताचं एकूण प्रमाण साधारण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, पण त्याच वेळी हॉर्मोन्समुळे शरीरभरच्या रक्तवाहिन्या सैलावतात. म्हणून मधल्या महिन्यांत बीपी उलट थोडं उतरतं. उठताना अंधारी येते ती बहुतेक वेळा यामुळेच. डोळ्यात किती रक्त पोचणार हे नुसत्या बीपीवर ठरत नाही. डोळ्याच्या आतला दाब रक्ताला विरोध करत असतो, त्यामुळे या दोन दाबांमधला फरक महत्त्वाचा. गरोदरपणात हा आतला दाबही साधारण २ ते ३ मिमी पाऱ्याने कमी होतो. शिवाय पडद्याच्या रक्तवाहिन्या गरजेप्रमाणे स्वतःच आकसतात किंवा रुंदावतात. त्यामुळे तब्येत ठीक असेल तर पडद्याला रक्त कमी पडत नाही आणि जास्तही होत नाही.

नाजूक जागा पडद्याच्या मागे आहे. तिथे कोरॉइड नावाचा रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला थर असतो. डोळ्याला मिळणाऱ्या रक्तापैकी बहुतांश रक्त याच थरातून वाहतं, आणि प्रवाह सांभाळून घेण्याची पडद्याइतकी पक्की सोय त्याच्याकडे नसते. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्याहून वर गेलं, लघवीतून प्रोटीन जायला लागलं, की पडद्याच्या बारीक धमन्या आवळतात आणि कोरॉइडचाही पुरवठा तुटू लागतो. मग काजवे, काळे डाग, धूसरपणा. कधी पडद्याखाली पाणी साचतं. बाळंतपणानंतर बहुतेकांची नजर पूर्ववत होते, पण ही लक्षणं म्हणजे सगळ्या शरीराला धोका असल्याची खूण असते, म्हणून घाई करायची. सोबत उजव्या बरगडीखाली दुखणं किंवा चेहरा-हात अचानक सुजणं असेल तर थेट हॉस्पिटल गाठा.

पुसट दिसण्याचं आणि लेन्स टोचण्याचं कारण बहुधा वेगळं. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागात पाणी धरतं, तो किंचित जाड होतो, आणि डोळे कोरडेही पडतात. त्यामुळे चष्मा आत्ता बदलू नका. लेन्स बाजूला ठेवा. मात्र एकेक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे बघा. कड वाकडी दिसली किंवा मधोमध करडा डाग दिसला, तर पडदा लगेच तपासून घ्या.

सिझरबद्दल: नुसता मायनस नंबर हे सिझरचं कारण नाही. कळा देताना डोळ्यातला दाब क्षणभर वाढतो, पण त्याने पडदा सुटतो याला आधार नाही. जोर लावल्याने डोळ्याच्या पांढऱ्या भागात लाल डाग उमटू शकतो, तो आपोआप जिरतो.

ओंजळ:
मला गरोदरपणाआधीपासून टाइप १ मधुमेह आहे. मलाही हेच लागू होतं का?

दृष्टिपथ:
ओंजळ, तुमच्यासाठी नियम कडक आहेत. आधीपासून मधुमेह असेल तर या काळात पडद्याचा आजार झपाट्याने वाढू शकतो. पहिल्या तिमाहीतच पडदा तपासायचा आणि पुढे डॉक्टर सांगतील तसा परत परत. फक्त गरोदरपणात साखर वाढली असेल तर एवढा धोका सहसा नसतो.

पाऊलवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर वाचून लगेच गेले. बीपी १३८/८८ निघालं, लघवीत प्रोटीन नाही. डॉक्टर म्हणाले, आलात ते बरं केलंत. आता घरी सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहायचं आणि दोन दिवसांनी परत दाखवायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पडदा तपासायला उद्या जायचंय. बाहुली मोठी करायचे थेंब बाळाला चालतात का?

दृष्टिपथ:
एखाद्या तपासणीपुरते घालायला सहसा हरकत नसते, पण महिना कितवा आहे ते तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा, म्हणजे औषध रक्तात कमी उतरतं. वही सोबत न्या, आणि उद्याच्या आत परत काजवे दिसले तर आधी बीपी.