अनुभव धागा: मिशनच्या कामाला परदेशात घालवलेला महिना

फतेहगंजची_सिस्टर
पासपोर्ट रिन्यू करायचाय म्हणून फाईल उपसली तर त्यातून पिवळं कार्ड पडलं, यलो फीवरच्या लशीचं. डाळ गॅसवर आणि मी कार्ड हातात घेऊन बसलेय.

2019 मध्ये आमच्या चर्चच्या मंडळीतून आम्ही काही जण महिनाभर केनियाला गेलो होतो. मोम्बासाच्या आतल्या बाजूला राबाईकडे एक छोटा मिशन दवाखाना आहे, तिथे. नैरोबीहून मोम्बासाला नवी रेल्वे आहे, 2017 ला सुरू झालेली. वाटेत त्सावोच्या राष्ट्रीय उद्यानातले हत्ती खिडकीतून दिसतात, तिथल्या लाल मातीत लोळून विटकरी झालेले.

इथून निघताना प्रार्थना काय, हार काय, जणू आम्ही अख्खा आफ्रिका बरा करून येणार. तिथल्या मेट्रनबाईंनी पहिल्याच दिवशी औषधांचं कपाट उघडून दाखवलं. निम्मं कपाट पाहुण्यांनी आणून दिलेल्या औषधांचं. कितीतरी तारीख उलटलेली, काहींवर जर्मन लेबलं, सर्दीच्या गोळ्यांचा ढीग, आणि लहान मुलांचं पॅरासिटामॉल सिरप एक बाटली. "एवढं आवरून द्याल का?" बस. तेच माझं मिशन. तारखा वाचायच्या, खोके लावायचे, वहीत चढवायचं. चर्चमध्ये साक्ष द्यायला उभं केलं की लोकांना काहीतरी अद्भुत ऐकायचं असतं, मी कपाट सांगते.

तुमचेही लिहा. परदेश नसला तरी चालेल.

दांडियाबाजार
ताई, आधी डाळ बघा.

फतेहगंजची_सिस्टर
लागली हो. फोडणीत झाकली जाईल.

मूळची_नाशिकची
राबाई वाचल्यावर राहवलं नाही. नाशिकला शरणपूरमध्ये चर्च मिशनरी सोसायटीचा आफ्रिकन आश्रम होता. गुलामांच्या गलबतांवरून इंग्रज आरमाराने सोडवलेली पोरं मुंबईला उतरवायचे, त्यातली बरीच शरणपूरला यायची. शाळा शिकायची, हातात काहीतरी हुन्नर घ्यायचा. मोठी झाल्यावर त्यातलेच काही 1860 च्या दशकात राबाईला मिशनच्या कामाला गेले, आणि 1875 ला मोम्बासासमोर फ्रीअरटाउन ही सोडवलेल्या गुलामांची वस्ती वसवली तेव्हा आणखी बरेच. आफ्रिकाभर फिरलेला मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन 1873 ला वारला, त्याचा देह समुद्रापर्यंत वाहून आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता, तो पुढे देहासोबत लंडनपर्यंत गेला. मी जन्मभर शरणपूर रोडने ये-जा केली, हे कळलं पन्नाशीत. शाळेत कुण्णी सांगितलं नाही. म्हणजे सिस्टर, तुमच्या आधी दीडशे वर्षं आमच्या गावचे लोक तिथे पोचलेत, भाव खाऊ नका.

फतेहगंजची_सिस्टर
अगं बाई! तिथल्या जुन्या चर्चपाशी आम्ही फोटो काढले आणि निघालो. हे माहीत असतं तर दोन तास बसले असते.

स्पष्टवक्ता_बडोदा
राग नका मानू, पण महिनाभर जाऊन नक्की काय? धर्मांतर?

फतेहगंजची_सिस्टर
राग कसला. राबाईचं मिशन 1846 चं. माझ्या पणजोबांच्या घरात ख्रिस्ती धर्म त्याच्या कितीतरी नंतर आला. उपासना कशी करायची हे राबाईच्या लोकांनीच आम्हाला शिकवावं. तीन तास चालते आणि कोणी घड्याळ बघत नाही, लहान पोरंसुद्धा. किनाऱ्यावर मुसलमान वस्ती मोठी, दवाखान्यात निम्म्या बाया बुरख्यात यायच्या. ताप मोजताना कोण कुणाचं विचारतंय.

ग्वाल्हेरचा_धाकटा
मी नेपाळला गेलेलो, 2015 च्या भूकंपानंतर, कॉलेजच्या ग्रुपबरोबर. छपराचे पत्रे वाहिले. बाकी काही नाही, पत्रेच. तिथे धर्मांतर करवणं कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे आम्हाला निघतानाच ताकीद होती की पत्रकं नाहीत, भाषणं नाहीत. उपासना शनिवारी, कारण सुट्टी शनिवारची. रविवारी सगळं गाव कामाला आणि आम्ही "आज रविवार ना?" करत बसलेलो. डोक्यावर दोरीचा पट्टा लावून पाठीवर ओझं घेतात ना, नाम्लो म्हणतात, तो लावून एक आजी माझ्या पुढे निघून गेली. माझ्याहून जास्त पत्रे होते तिच्याकडे.

कारेलीबाग_काकू
आजी पुढे जाणारच रे. तुमची पिढी जिममध्ये.

ग्वाल्हेरचा_धाकटा
काकू तेव्हा जिम नव्हतं, फक्त मॅगी होती.

इंदूरची_शुभा
आमच्याकडे उलटा अनुभव चालेल का? कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन इंदूरला 1877 मध्ये आलं. आजी लहानपणी तिथल्या मिसबाईंकडे शिवण शिकायला जायची. आजीला त्या बाईंचा धर्म, शिकवण वगैरे काही आठवत नव्हतं. आठवायचं ते हे की बाई पोहे काट्याने खायच्या आणि शेव वेगळी काढून ठेवायच्या. म्हणून म्हणते सिस्टर, तिथली पोरं तुमची कसली आठवण सांगत असतील?

फतेहगंजची_सिस्टर
शुभा, मेले गं हसून. माझी कोंबडीची सांगत असणार.

तिथे अर्पणात पैसे नसले तर लोक अंडी, केळी, कोंबडी आणतात आणि उपासना संपली की अंगणात लिलाव. आपल्याकडे हंगामाच्या सणाला वर्षातून एकदा होतो, तिकडे सर्रास. पाहुणीने बोली लावलीच पाहिजे असं सगळ्यांचं म्हणणं, म्हणून मी एक तांबडी कोंबडी घेतली. पाय बांधलेले, तरी चर्चपासून मुक्कामापर्यंत फडफड, आणि मागे पोरांची वरात "मुहिंदी, मुहिंदी" ओरडत. मुहिंदी म्हणजे आपण, भारतीय. पुढच्या रविवारी ती मीच अर्पणात दिली. पुन्हा लिलाव. घेतली कोणी, तर मेट्रनबाईंनी, आणि संध्याकाळी आम्हालाच वाढली.

दांडियाबाजार
कोंबडीचं मिशन पूर्ण झालं म्हणायचं.

हिशेबनीस
मला एक कायम वाटतं. विमानाचं तिकीट, व्हिसा, लशी, सगळं धरून जेवढा खर्च येतो तेवढे पैसे थेट त्या दवाखान्याला पाठवले तर? तुमच्यावर टीका नाही.

फतेहगंजची_सिस्टर
टीका असली तरी चालेल, बरोबरच आहे. आम्ही होतो तेव्हा दवाखान्याची एकुलती एक गाडी आम्हाला आणायला-पोचवायला. स्वयंपाकाच्या बाईंना दुप्पट काम. मेट्रनबाई एका रात्री चहा घेताना म्हणाल्या की पाहुणे असले की त्या आठवड्यात गावोगाव लस द्यायला जाणं राहतं. तक्रारीच्या सुरात नाही, आपण पाऊस पडला म्हणतो तसं. तेव्हापासून आमच्या चर्चमध्ये टीम काढायची चर्चा निघाली की मी विचारते, त्यांनी बोलावलंय का, आणि कशासाठी? तरुण संघाला माझा हा प्रश्न आवडत नाही. मागच्या वर्षी मेट्रनबाईंनी बीपीची यंत्रं मागितली, तेवढी पाठवली, कोणी गेलं नाही. पण मी गेले नसते तर त्या माझ्याकडे मागत्या का, हेही आहेच. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

हिशेबनीस
हे पटलं.

कारेलीबाग_काकू
खायला काय असायचं ते सांग ना, बाकी सगळं सांगितलंस.

फतेहगंजची_सिस्टर
काकू, सकाळी म्बाझी आणि महाम्री. म्बाझी म्हणजे तूरच, अख्खी. रात्री भिजवून मऊ शिजवायची, कांदा-मिरची-हळद, वरून नारळाचं दूध. महाम्री म्हणजे मैदा यीस्ट घालून नारळाच्या दुधात भिजवायचा, साखर, भरपूर वेलची, त्रिकोण कापून तळायचे, टम्म फुगतात. आणि रस्त्यावर बजाजच्या रिक्षा! मला वाटलं रावपुऱ्यातच उतरले.

स्पष्टवक्ता_बडोदा
रिक्षावाले मीटरने येतात का तिकडे?

फतेहगंजची_सिस्टर
कुठले. घासाघीस करायची. इथली सवय कामाला आली.

कारेलीबाग_काकू
हिवाळ्यात ताजी तूर मिळते तिची होईल का ग म्बाझी?

फतेहगंजची_सिस्टर
होईल की, भिजवायचं काम वाचेल. दूध शेवटी घाला, उकळू नका, फुटतं.

निखिल_वाघोडिया
ताई, कंपनी मला मे महिन्यात नैरोबीला पाठवतेय, मिशन वगैरे नाही, मशीन बसवायला. ती पिवळ्या कार्डाची भानगड काय असते?

फतेहगंजची_सिस्टर
यलो फीवरची लस घेतल्याचं कार्ड ते. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, आम्ही अहमदाबादला घेतली. निघायच्या कमीत कमी 10 दिवस आधी. परत येताना कार्ड नसेल तर इथे 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. एकदा घेतली की जन्मभर चालते. अंड्याची ॲलर्जी असेल तर तिथल्या डॉक्टरांना आधी सांग. मूळ पासपोर्ट ने, कार्डावर त्याचा नंबर घालतात. आणि मच्छरदाणी हॉटेलात असली तरी भोकं बघून घे.