खरे बोलणे आणि जीभ सैल सुटणे
"दारू पोटात गेली की माणूस खरे बोलतो", असे लोक म्हणतात. मला ते अर्धेच पटते. मेंदूच्या पुढच्या भागाचा लगाम सैल होतो खरा, परंतु स्टील आणि जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडल्याप्रमाणे नशेत लक्ष समोरच्या ठळक गोष्टीपुरते आकसते आणि दूरच्या परिणामांचा विचार मागे पडतो. परभणीकडे आमच्या भावकीतले एक काका घेतल्यावर बांधावरच्या लिंबाखाली बसून चुलतभावाला "अर्धा एकर तुझाच हाय, उद्या तलाठ्याकडं जाऊ" असे रडत सांगत; सकाळी मात्र तोच बांध आणखी वीतभर कोरलेला दिसे. (ते रडणे खोटे नसावे, असे मला अजूनही वाटते.) पुढे मोजणी आली, तेव्हा काका पूर्ण शुद्धीवर होते आणि त्या अर्ध्या एकराबद्दल चकार शब्द बोलले नाहीत.