नागपूरले पोलिसाच्या अंगावर कॅमेरा, मंग आपल्या खेड्यातल्या ठाण्याले काहून नाही?

कापूसवाला_यवतमाळ

राम राम मंडळी. परवा लेकीच्या अॅडमिशनसाठी नागपूरले गेल्तो. सीताबर्डीत व्हेरायटी चौकात सिग्नलले थांबलो तं ट्राफिकवाल्याच्या खांद्याखाली एक काळी डबी दिसली, बारका लाल लाईट लागलेली. ऑटोवाला म्हणे हा बॉडी कॅमेरा होय, चालान करताना चालू ठेवते. येताना एसटीत पूर्ण रस्ता डोक्यात तेच फिरत होतं, का हे डबी आमच्या रोडवर मागच्या नोव्हेंबरात असती तं माहा भाऊ आज कोर्टाच्या तारखा करत नसता.

झालं असं का तो पिकअपमधी कापूस भरून जिनिंगले चालला होता, रात्री दीड वाजता, सकाळी नंबर लवकर लागावा म्हणून. रोडवर गस्तीची गाडी उभी. कागदं मागतले, पीयूसी संपलेली, तिथून बोलाचाली वाढली. भाऊ तोंडाचा फटकळ हाय, हे मी लपवत नाही. तो म्हणते मी हात लावला नाही, पहिले माह्याच कानाखाली बसली. पोलीस म्हणते यानं जमादाराची कॉलर धरली. तिथं होते चौघंच, दोन पोलीस, भाऊ अन् ड्रायव्हर, अन् ड्रायव्हर गरीब माणूस, त्याले रोज त्याच रोडनं गाडी हाणायची हाय, तो म्हणते मले झोप लागली होती, मी काही पाह्यलं नाही. सकाळी गुन्हा दाखल, शासकीय कामात अडथळा, बीएनएस म्हंजे भारतीय न्याय संहितेचं कलम १३२. जामिनाले तीन दिवस लागले अन् कापूस तेवढे दिवस पिकअपमधीच.

मी पहाटे पाचले ठाण्यात पोचलो तवा तो बाकड्यावर बसून होता, शर्टाचा खिसा उसवून लोंबत होता अन् केसात कापसाचे पुंजके तसेच. माह्याकडे पाहून उठला नाही. आता तो ठाण्यासमोरून जातच नाही, बाजाराले जायचं असलं तं कालव्याच्या पांदणीनं जाते, चार किलोमीटर जास्त पडते तरी.

ठाण्याचं नाव लिहत नाही, केस चालू हाय. मले इतकंच विचारायचं का हे कॅमेरे शहरातच काहून, आपल्याकडे आले तं खरंच फरक पडते का, अन् शूटिंग शेवटी कोणाजवळ राहते? आपल्यासारख्याले ते मागता येते का?

खाकी_१४_वर्षं

भाऊ मी पोलीसच आहे, तुमच्या जिल्ह्यातला नाही पण विदर्भातलाच. तुमच्या भावाच्या रात्री काय झालं मी सांगू शकत नाही, मी तिथं नव्हतो. पण कॅमेरा तुमच्यापेक्षा मला जास्त पाहिजे, हे मनापासून लिहितो.

रेतीचा टिप्पर अडवला होता एकदा, नदीच्या घाटावर, आम्ही दोघं आणि ते आठ-नऊ जण. शिव्या, ढकलाढकली, माझ्या सोबतच्याचं डोकं फुटलं. दुसऱ्या दिवशी त्यांचाच तक्रार अर्ज, की आम्ही पैसे मागितले आणि मारलं. दोन वर्षं माझी खात्याची चौकशी चालली, शेवटी काही निघालं नाही, पण त्या दोन वर्षांत घरी आई रोज विचारायची, बाबू तू खरंच पैसे मागितले का रे. दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग असतं तर हा प्रश्न तिला पडलाच नसता.

आता अडचणी पण ऐका. शहरात शिफ्ट संपली की माणूस ठाण्यात येतो, कॅमेरा चार्जिंगला लावतो, डेटा उतरवतो. आमच्याकडे बंदोबस्त लागला की बारा-चौदा तास कुठं गेले कळत नाही, मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत छातीवर तापलेली मशीन, आऊटपोस्टला लाईट गेली की गेली. १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १०५ मध्ये, झडती-जप्तीचं शूटिंग करावंच लागतं, त्यासाठी ई-साक्ष्य ॲप आहे, मोबाईलवर करतो. कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, झडती घेतली तर रेंज नसते, रेकॉर्डिंग पाठवायला डांबरी रोडपर्यंत यावं लागतं. तरी करतो. आणि एक फरक मी स्वतः पाहिला, शूटिंग चालू आहे म्हटल्यावर समोरचा पण सांभाळून बोलतो आणि आपला माणूस पण. पूर्वी पंच म्हणून तेच ते दोघं ठरलेले असायचे, आता पंच कुठं उभा होता, माल कुठून निघाला, ते दिसतं.

अकोल्याचा_पोट्टा

मी मूळचा अकोल्याकडचा, सध्या कॅलिफोर्नियात आहे, इथून जवळच रियाल्टो नावाचं शहर आहे, लाखभर वस्तीचं. बॉडी कॅमेऱ्याचा पहिला नाव घेण्यासारखा अभ्यास तिथंच झाला, २०१२-१३ मध्ये. पोलीस फक्त पन्नासेक, कोणत्या शिफ्टला कॅमेरा लावायचा आणि कोणत्या शिफ्टला नाही हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. वर्षभरात लोकांच्या तक्रारी आधीच्या वर्षापेक्षा ८८ टक्क्यांनी घटल्या आणि बळाचा वापर जवळपास ६० टक्क्यांनी. मग काय, सगळ्या शहरांनी कॅमेरे घेतले, २०१४ ला फर्ग्युसनला पोलिसाच्या गोळीनं एक पोरगा मेला त्यानंतर तर फारच. पण २०१७ ला वॉशिंग्टनचा निकाल आला, तिथं दोन हजारावर पोलिसांवर अभ्यास केला होता, आणि कॅमेरा असणाऱ्यांत अन् नसणाऱ्यांत सांगण्यासारखा फरकच निघाला नाही.

मग फरक पडतो कशानं? रियाल्टोवाल्या संशोधकांनीच पुढं वेगवेगळ्या ठिकाणी दहा चाचण्या केल्या. जिथं पोलिसांनी नियमाप्रमाणे सुरुवातीपासून कॅमेरा चालू ठेवला तिथं बळाचा वापर ३७ टक्क्यांनी कमी झाला. जिथं कधी चालू करायचा ते पोलिसानं आपल्या मर्जीनं ठरवलं तिथं उलट ७१ टक्क्यांनी वाढला. वाढला बरं का. म्हणून तुमच्या गावाला कॅमेरा येईल तेव्हा पहिला प्रश्न किंमत किती हा नको, बटन कोण दाबणार आणि नाही दाबलं तर त्याला काय होणार, हे विचारा.

२०२० ची मिनियापोलिसची घटना, जॉर्ज फ्लॉइड पोलिसाच्या गुडघ्याखाली मेला ती, सगळ्यांना माहीत आहे. त्या पोलिसांच्या अंगावर कॅमेरे होते. तरी पोलिसांच्या पहिल्या पत्रकात लिहिलं होतं की अटकेच्या वेळी माणसाची तब्येत बिघडली आणि तो वारला. खरं जगाला कळलं ते रस्त्यावर उभ्या सतरा वर्षांच्या पोरीनं मोबाईलवर शूटिंग केलं म्हणून. पोलिसांच्या कॅमेऱ्यातलं शूटिंग पोलिसांच्याच ताब्यात, ते लोकांसमोर यायला वेळ लागला.

तालुका_कोर्टातला

कापूसवाले भाऊ, मी तालुक्याला वकिली करतो. तुमचा प्रश्न बॉडी कॅमेऱ्याचा आहे पण मला तुमच्या पोस्टमध्ये दुसरीच गोष्ट दिसली. रोडवर कॅमेरा नव्हता हे मान्य. पण भावाला रात्रभर ठाण्यात बसवलं ना? बाकड्यावर? मग ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं काय?

२ डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टानं परमवीर सिंग सैनी प्रकरणात आदेश दिला, देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही पाहिजे. मेन गेट, येण्या-जाण्याच्या सगळ्या वाटा, लॉकअप, व्हरांडे, लॉबी, रिसेप्शन, अधिकाऱ्यांच्या खोल्या, सगळीकडे. रात्री दिसणारे पाहिजेत आणि आवाज पण यायला पाहिजे. रेकॉर्डिंग १८ महिने ठेवायचं, तशी मशीन मिळत नसेल तर जितकी जास्त मिळेल तितकं, पण १ वर्षाच्या खाली नाही. आणि लाईट नाही, नेट नाही ही सबब खेड्यातल्या ठाण्याला चालत नाही, सोलरवर द्या पण द्या असं आदेशातच आहे. कॅमेरे चालू ठेवायची जबाबदारी ठाणेदाराची. प्रत्यक्षात काय होतं ते मी रोज पाहतो, मॉनिटर बंद, डीव्हीआर (रेकॉर्डिंगची मशीन) दुरुस्तीला गेला. २०२५ ला सुप्रीम कोर्टानं बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घेतली ती उगाच नाही.

तुमची घटना नोव्हेंबरची, म्हणजे अजून वर्ष झालं नाही. आजच अर्ज लिहा. तारीख, रात्री अंदाजे किती ते सकाळी किती, कुठला भाग (गेट, व्हरांडा, ठाणे अंमलदाराचा टेबल), आणि हे फुटेज पुसलं जाऊ नये म्हणून जपून ठेवावं एवढंच मागा. प्रत एसपी साहेबांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना, कारण जिल्ह्याच्या देखरेख समितीत ते दोघं असतात, ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे अध्यक्ष पण. आवक शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. दुसरं, तुमच्या वकिलाला सांगा बीएनएसएस ९४ खाली कोर्टात अर्ज करायला, की फुटेज हजर करावं. कोर्टानं मागितल्यावर "नाही" म्हणायला लेखी कारण द्यावं लागतं, आणि ते कारण पण आपल्या कामाचं असतं. फुटेज मिळालं तर सोबत साक्ष्य अधिनियम कलम ६३ चं प्रमाणपत्र मागायला विसरू नका, ते नसलं की पुढं पुराव्यात अडकतं. आणि अटकेनंतर मेडिकल झालं असेलच, कागद काढा, कानाची काही नोंद आहे का पाहा.

अजून एक. ठाण्यात मोबाईल काढला की लोक घाबरतात. वर्ध्याच्या एका प्रकरणात ठाण्यात शूटिंग केलं म्हणून एकावर ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट, म्हणजे सरकारी गुपितांचा कायदा, लावला होता. २०२२ मध्ये आपल्या नागपूर खंडपीठानं तो गुन्हा रद्द केला, पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं "प्रतिबंधित ठिकाण" नाही असं स्पष्ट सांगितलं.

बचतगट_ताई

सगळे पुरुषच लिहून राहिले म्हणून मी लिहते. मले कॅमेरा पाहिजे अन् भीती पण वाटते, दोन्ही खरं हाय.

आमच्या गावात आम्ही बाया हातभट्टी पकडून देतो. रात्री फोन करतो, पोलीस येते, आम्ही नाल्यातला सडवा दाखवतो, मोहाचे पिपे पालथे करतो. आता पोलिसाच्या छातीवर कॅमेरा असन तं बोट दाखवणारी मी त्याच्यात येईन, माह्या आवाजासकट. केस कोर्टात गेली का तेच शूटिंग भट्टीवाल्याच्या वकिलाले भेटन. अन् त्याचं घर माह्या घरापासून सातवं हाय. मागं एकदा नुसतं नाव फुटलं तं माह्या गंजीले आग लागली, कडबा-कुटार सगळं जळलं, कोणी लावली हे आजपर्यंत सिद्ध झालं नाही.

दुसरं म्हणजे नवऱ्याचा मार खाऊन बाई पोलिसाले बोलावते तवा ती कशीबी असते, पदर कुठं, केस कुठं. ते शूटिंग कोण्या पोट्ट्यानं व्हॉट्सॲपवर टाकलं तं ती बाई पुन्हा कधी फोन करन का? अत्याचाराच्या केसमधी बाईचं नाव उघड करू नये असा कायदा हाय म्हणते, पण गावात चेहरा दिसला का नाव लागतच नाही. घरात शिरताना पोलिसानं बाईले विचारलं पाहिजे का बाई चालू ठेवू का बंद करू, अन् शूटिंग कोणं कोणं पाह्यलं त्याची नोंद राह्यली पाहिजे.

पण ठाण्याच्या आत मात्र चोवीस तास पाहिजे. १९७२ मधी देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी पोरीसोबत पोलिसांनी काय केलं ते आमच्या आईच्या पिढीले माहीत हाय. नागपूरच्या हायकोर्टानं शिक्षा दिली, अन् १९७८ ले सुप्रीम कोर्टानं सोडून दिलं, तिच्या अंगावर जखमा नाही म्हणून. देशभर बाया रस्त्यावर आल्या तवा १९८३ ले कायदा बदलला. त्या रात्री तिचे नातेवाईक ठाण्याच्या बाहेरच उभे होते. आत काय झालं हे सांगायले तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

खाकी_१४_वर्षं

ताई तुमचं बरोबर आहे. खबर देणाऱ्याचा चेहरा येऊ नये हे मी पण विचारात घेतलं नव्हतं. माझ्या मते बाईनं जागा दाखवून बाजूला व्हावं आणि मग कॅमेरा सुरू करून आत शिरावं. पण वर अकोल्याच्या भावानं लिहिलं तसं, मर्जीनं चालू-बंद करायची सूट दिली की तीच सूट दुसरीकडे वापरली जाणार. यावर नियम लेखीच पाहिजे, माझ्यासारख्याच्या समजुतीवर सोडू नका.

पाटील_वणीकडचे

कॅमेऱ्यानं काही होत नाही हो. ज्याले मारायचं तो कॅमेऱ्याच्या मागं नेऊन मारते. पहिले ठाण्यात माणसं भरा, एकेका जमादाराकडे वीस-वीस गावं हायेत.

कापूसवाला_यवतमाळ

पाटील साहेब, माणसं कमी हायेत हे खरं. पण माह्या भावाले कॅमेऱ्याच्या मागं न्यायची पण गरज पडली नाही ना, कॅमेराच नव्हता. निदान मागं न्यावं लागलं असतं तं ते नेतानाचं तरी दिसलं असतं.

वकील साहेब, तुमचं वाचून काल रात्रीच अर्ज लिहला. आज सकाळी भावाले म्हटलं चाल, तो नाही म्हणे. मंग म्हटलं तू आत नको येऊ, बाहेर चहाच्या टपरीवर बस. तेवढ्यावर आला. ठाण्याच्या रोडनं आला, पांदणीनं नाही. आत टेबलावरच्या मॅडमनं अर्ज दोनदा वाचला, म्हणे साहेब आल्यावर या. मी म्हटलं मॅडम मले फक्त आवक पाहिजे, बसतो मी. पाऊण तास बसलो, त्याच बाकड्यावर. वर पाह्यलं तं बरोबर समोर भिंतीवर कॅमेरा हाय, गोल, पांढरा, जाळं लागलेलं. चालू हाय का बंद ते समजलं नाही. शेवटी शिक्का दिला, आवक नंबर हातानं टाकून. एसपी अन् कलेक्टर साहेबाले पोस्टातून रजिस्टर करून टाकलं, पावत्या फाईलीत लावल्या. ९४ च्या अर्जाचं आमच्या वकिलाले सांगतलं, पुढची तारीख २२ ले हाय.

ठाण्यातून काही उत्तर आलं का इथंच लिहतो.