सॅलरी आणि मीठ: पुरे झालं आता

तर्कटराव: सकाळी इथे पडलेली पोस्ट: ‘रोमन सैनिकांना पगारात मीठ मिळायचं, म्हणून सॅलरी.’ हे मी दहाव्यांदा वाचतोय. सॅलरी लॅटिन ‘सालारियुम’वरून आली, त्यात ‘साल’ म्हणजे मीठ, इथवर मान्य. पण शिपायांना मीठ मोजून दिलं, असं कुठल्या रोमन लेखकानं लिहिलंय? सम्राट ऑगस्टसच्या काळात शिपायाला वर्षाला २२५ देनारियस मिळत, नाण्यांत. त्या पगाराला म्हणत ‘स्टिपेन्डियुम’. आपल्या पोरांचा स्टायपेंड तिथला.

मीठभाकरी: पोस्ट माझी. रोमन लेखक प्लिनीनं त्याच्या ‘नॅचरल हिस्टरी’ ग्रंथाच्या ३१व्या खंडात मिठाबद्दल लिहिताना सैन्य आणि सालारियुम एकत्र आणलंय, ते उगाच? आमच्या बाईंनी शाळेत हेच शिकवलं.

तर्कटराव: शब्द मिठावरून पडला, एवढंच तो म्हणतो. ‘चहापाणी’ मागणाऱ्या कारकुनाला चहा पाजून सुटलात का कधी?

पंत_२: मूळ संस्कृतच. सलिल, सर, साल.

तर्कटराव: आलेच! मग मिठाला लवण का म्हणता?

बार्देसची: मीठ राहू द्या, ‘पगार’ बघा. पोर्तुगीज ‘पागार’, पैसे देणे. त्याच्या मागे लॅटिन ‘पाकारे’, शांत करणे; ‘पाक्स’ म्हणजे शांतता. इंग्रजी ‘पे’सुद्धा फ्रेंचच्या वाटेनं त्याच घरातला. सावकाराला गप्प करायचं, झालं.

पंत_२: पगार शुद्ध मराठी आहे. माझे आजोबा पगारच म्हणायचे, जन्मात पोर्तुगीज पाहिला नव्हता.

बार्देसची: काका, पाव तरी खाल्ला असेल? किल्लीला चावी म्हणत असतील? दोन्ही पोर्तुगीजांच्या हातून आलेले. लॅटिनात पानिस आणि क्लाविस.

पंत_२: आमच्या घरात पाव येत नसे! आणि काका कोणाला म्हणता?

लेजरबुक: शांत करणे म्हणे. आमच्याकडे तीन महिने पगार थकला होता. दूधवाला, घरमालक, बायको, कोणी शांत नव्हतं. वाण्यानं तेवढं मीठ उधार दिलं.

मीठभाकरी: बघा, पगार नाही तर मीठ! बरं, पोती मागे घेतो. पण मीठ घ्यायला भत्ता देत असतील की?

तर्कटराव: तसा अंदाज बांधतात, पुरावा नाही. ‘असेल’ म्हणा, ‘होतं’ म्हणू नका.

मीठभाकरी: जशी आज्ञा. बाई आता ऐंशीच्या आहेत, अजून वही तपासायला मागतात. त्यांना तुम्हीच जाऊन सांगा.