कोळशाच्या धुळीचा त्रास : भाऊजींसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझे भाऊजी वणीकडे कोळसा सायडिंगवर (रेल्वेत कोळसा भरायच्या जागी) 14 वर्षांपासून ठेकेदाराकडे कामाला आहेत. तोंडाला फक्त दुपट्टा. संध्याकाळी तो झटकला की ओटा काळा होतो, आणि सकाळचा बेडकाही काळाच.

वर्षभरापासून जिना चढताना दम लागतो. थुंकीत टीबी निघाला नाही. डॉक्टर म्हणाले, "बिडी सोडा." अहो, हा माणूस सुपारीसुद्धा खात नाही! शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून न्यूमोकोनिओसिसची (धूळ साचून होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराची) शंका घेतली. फुफ्फुसावरचा हा डाग औषधाने जात नाही म्हणे, धूळ टाळणं हाच उपाय.

खाणीतल्या कायम कामगारांची ठरावीक काळाने तपासणी होते, ठेक्यावरच्यांना कोण विचारतं?

नागपूर-चंद्रपुरात आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) वर्गवारीप्रमाणे एक्स-रे वाचणारे आणि स्पायरोमेट्री (फुंकून श्वासाची ताकद मोजायची तपासणी) करणारे डॉक्टर कुठे भेटतील? कर्मचारी भरपाई कायदा, 1923 च्या जागी आता आलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये भरपाई मिळणाऱ्या कामाच्या आजारांच्या यादीत हा आजार आहे. पण नियुक्तीपत्र नाही, नुसता गेटपास आणि हजेरीची वही आहे. तेवढ्यावर दावा कुणी केला आहे का? मास्क कोणता घ्यावा तेही सांगा, काम लगेच सुटणारं नाही.