मदत हवी आहे: गिऱ्हाइकांचे ईमेल स्पॅममध्ये जातायत, दिवाळी तोंडावर

बेदाणावाला
सांगलीत बेदाणा-हळदीचं दुकान आहे. दिवाळी बॉक्सचा मेल सगळ्यांना पाठवला. बरेच जण म्हणतात आलाच नाही, एकाला स्पॅममध्ये सापडला. 'ऑफर' शब्दामुळे होतंय का? आज रात्रीपर्यंत सांगा, उद्या परत पाठवायचाय.

मिरज_जंक्शन
किती जणांना? कशातून? पाठवणाऱ्याचा पत्ता कुठला? मिरजेच्या दवाखान्यात येऊन नुसतं 'दुखतंय' म्हणालात तर डॉक्टर तरी काय करणार?

कृष्णाकाठी
ईमेल वाचतंय कोण राव! व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लावा. माझा गणपतीतला सगळा धंदा त्यावर झाला.

सातारी_कंदी
ब्रॉडकास्ट फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. म्हणजे तिथंही ओळख आधी लागतेच.

कृष्णाकाठी
माझा पोचला. बास.

बेदाणावाला
3400 पत्ते आहेत. आधी जीमेलातूनच बीसीसी करून पाठवायचो, एक दिवस खातं बंद पडलं. आता महिन्याच्या वर्गणीचं सॉफ्टवेअर घेतलंय. पत्ता तोच, दुकानाचा जीमेलचा.

मिरज_जंक्शन
मग 'ऑफर'ला कशाला दोष देताय? फुकटच्या जीमेलवरून दिवसाला 500 च्या वर जात नाहीत, म्हणून खातं अडकलं. आणि आता मेल दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून निघतो, वर नाव मात्र जीमेलचं. गूगलच्या नजरेत हा तोतया. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू दोघांनीही नियम कडक केलेत. स्वतःचं डोमेन, म्हणजे दुकानाच्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता, घ्या, त्यावर एसपीएफ आणि डीकेआयएम लावा, डीमार्कही लावून टाका. दिवसाला 5000 च्या वर पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचे आहेत, पण तुम्हीही लावलेत तर बरंच.

बेदाणावाला
हे काय असतं? सोप्या भाषेत सांगा.

मिरज_जंक्शन
एसपीएफ म्हणजे 'माझा माल याच टेम्पोतून येतो' अशी जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे खोक्यावरचं सील, वाटेत कुणी आतला माल बदलला तर कळतं. डीमार्क म्हणजे यादी-सील जुळलं नाही तर माल ठेवून घ्यायचा की परत पाठवायचा, याची सूचना. तिन्ही डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या जाहीर नोंदवहीत, लिहायच्या ओळी आहेत, तासाभराचं काम.

नियमबहाद्दर
डीएलटीवर नोंदणी केली का? टेम्प्लेट मंजूर करून घ्यावं लागतं. शिवाय 2023 चा डेटा संरक्षण कायदा आहे, आत टाकतील.

सातारी_कंदी
डीएलटी मोबाईलच्या एसएमएससाठी आहे हो, ईमेलला नाही. आणि त्या कायद्यात शिक्षा दंडाची आहे, तुरुंगाची नाही. माणसाला घाबरवू नका.
बेदाणावाले, मला वेगळंच विचारायचंय. हे 3400 पत्ते आले कुठून?

बेदाणावाला
काउंटरवर वही आहे, गिऱ्हाईक स्वतः लिहितं. त्यातले 1100. बाकीचे मेहुण्याच्या ट्रॅव्हल्सच्या बुकिंगमधून घेतले, चांगली माणसं आहेत.

सातारी_कंदी
सापडलं! त्या माणसांनी पुण्याचं तिकीट काढलं होतं, बेदाणा मागितला नव्हता. त्यांच्यासाठी तुम्ही अनोळखी. ते सरळ 'स्पॅम' दाबणार. हजारातले 3 जण दाबतात तेवढ्यावर जीमेलची मर्यादा संपते, आणि मग तुमच्या वहीतल्या 1100 खऱ्या गिऱ्हाइकांचा मेलही बुडतो. मेहुण्याची यादी आजच काढून टाका. डीकेआयएम लावून पराया पत्ता आपला होत नाही.

कृष्णाकाठी
नातं मोडायला लावताय होय! एकदा पाठवून तर बघू दे.

मिरज_जंक्शन
एकदा पाठवूनच तर धागा काढलाय त्यांनी.

बेदाणावाला
2300 सोडायचे? दिवाळी हातची जाईल. आणि वहीत तरी लोकांनी बिलासाठीच पत्ता दिलाय, त्याचं काय?

सातारी_कंदी
हा प्रश्न बरोबर विचारलात. बिलासाठी दिलेला पत्ता जाहिरातीला चालतोच असं नाही. उद्यापासून वहीत वेगळा रकाना ठेवा, 'नवा माल आल्यावर कळवू का?' हो म्हणेल त्याला एक मेल, त्यातली लिंक दाबली की मगच नाव यादीत. घाईत चुकीचा पत्ता लिहिणारेही तिथंच गळतात. यंदा फक्त वर्षभरात माल नेलेल्यांना पाठवा, खाली 'नको' म्हणायची सोय ठळक द्या. एका दाबात बाहेर पडता आलं पाहिजे, लॉगिन-बिगिन मागू नका.

नियमबहाद्दर
आमच्याकडं 'अनसबस्क्राइब' दाबल्यावर मेल वाढतात.

मिरज_जंक्शन
ते चोरांचे. हे दुकानदार आहेत. एखाद्यानं 'नको' म्हटलं तर दोन दिवसांत नाव काढा, पुढच्या दिवाळीला पुन्हा आत येता कामा नये.

भडंगप्रेमी
बॉक्समध्ये भडंग पण टाका की. सांगलीचं, जयसिंगपूरचं नको.

कृष्णाकाठी
जयसिंगपूरचं खाल्लंय का कधी? उगाच बोलू नका.

बेदाणावाला
डोमेन घेतलं. डीएनएसमध्ये ओळ टाकली, 'रेकॉर्ड सापडत नाही' म्हणतंय. आणि मेहुणा विचारतोय, त्याच्या यादीचे पैसे कधी देणार.

मिरज_जंक्शन
पैशांचं तुम्हीच बघा. ओळ पसरायला थोडा वेळ लागतो, सकाळी परत तपासा. तोवर पाठवा बटणाला हात लावू नका.