सुट्टीत मुलांना वाचनाची आणि डायरीची गोडी कशी लावायची?

चांदणवेल:
मुलगा यंदा सहावीत जाईल. शाळेने सांगितलंय की सुट्टीत रोज वाचा आणि डायरी लिहा. वाचन म्हणजे फक्त कॉमिक्स, दुसरं काही दिलं की लगेच कंटाळतो, आणि डायरीत रोज तेच, उठलो, खेळलो, जेवलो, झोपलो. मागे लागलं की चिडतो. मला ते शाळेपुरतं नकोय, त्याला खरंच आवडायला हवंय. पानामागे काही बक्षीस ठेवू का?

खडूफळा:
मी शिकवते, अशा डायऱ्या खूप बघितल्यात. "आज काय केलंस" विचारलं की मुलं टाइमटेबलच लिहिणार. त्यापेक्षा एकच गोष्ट निवडू दे, आज राग कशाचा आला, कोण काय बोललं ते जसंच्या तसं, खिडकीतून काय दिसलं. चार ओळी बास. चित्र काढलं, तिकीट चिकटवलं तरी चालतंय. कुणाला तरी उद्देशून लिहिलं तर अजून छान, अ‍ॅन फ्रँक या ज्यू मुलीला (तिचीच डायरी पुढे जगभर गाजली) १९४२ मध्ये १३व्या वाढदिवसाला वही मिळाली आणि ती 'किटी' नावाच्या मनातल्या मैत्रिणीला पत्र लिहावं तसं लिहायची. आणि प्लीज शुद्धलेखन तपासू नका. ऱ्हस्व-दीर्घावर लाल पेन फिरलं की मूल पुढच्या वेळी नक्की येणारे शब्दच वापरतं, मग परत तेच उठलो-जेवलो.

पानगळ:
बक्षिसाचं जरा जपून. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३चा प्रयोग आहे, चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल, तर नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं कमी चित्रं काढायला लागली. ज्यांना न सांगता अचानक मिळालं त्यांचं तसं झालं नाही. म्हणजे पुस्तक संपल्यावर सहज दुसरं आणून दिलं तर काही बिघडत नाही, पानामागे दर नको.

उंबरठा:
पण ती मुलं आधीपासून आवडीने चित्रं काढत होती ना, ज्याला मुळात गोडीच नाही त्याला सुरुवातीला थोडं आमिष चालेल असं माझं मत.
बाकी कॉमिक्स वाचतोय म्हणजे वाचतोयच की! ते बंद करू नका. अमेरिकेत ॲलिंग्टन वगैरे संशोधकांनी गरीब घरातल्या मुलांना सलग तीन उन्हाळे फुकट पुस्तकं दिली, आणि ती मुलांनी स्वतः निवडलेली होती, त्यांचं वाचन बाकीच्यांपेक्षा सुधारलं, २०१०ला छापून आलंय. निवड त्याची, आणि अर्धवट सोडायची मुभाही त्याचीच. रात्री तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, सहावीतली मुलंसुद्धा ऐकतात, आणि अगदी रंगात आल्यावर थांबा, पुढचं तो स्वतः वाचेल.

चांदणवेल:
थँक्यू सगळ्यांना! अजून एक, त्याची डायरी मी वाचू का?

खडूफळा:
त्यालाच विचारा. आमच्या वर्गात दुमडलेलं पान कुणीच वाचत नाही, मीसुद्धा. शाळेत दाखवायची पानं त्यालाच निवडू दे.